बारा मिनिटांचा विचार

बोहोल बेटावरच्या तागबिलारन गावच्या शाळेत रोदेलियो सर बुद्धिबळ शिकवतात. समोरचा आपली खेळी करून घड्याळाची कळ दाबायला विसरला, तर त्याला तसं सांगायचं, असा त्यांचा एक नियम आहे. तो कुठल्याही पुस्तकात नाही.

"सर, मग जिंकायचं कसं?" पोरं विचारतात.

"खेळून."

स्वतः सर चौदाव्या वर्षी तसे जिंकले नव्हते. बोहोल बेटाच्या कुमार स्पर्धेचा शेवटचा डाव होता. जिंकणाऱ्याला मनिलातल्या शाळेची शिष्यवृत्ती. समोर होवेन्सियो, कोळ्याचा मुलगा. त्याच्या गावात घड्याळ लावून कुणी खेळत नसे. त्याने घोडा असा काही आणून ठेवला की मात झाली नाही, पण रोदेलियोचा राजा जागच्या जागी कोंडला गेला. मग दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन तो उत्तराची वाट बघत बसला. कळ दाबायची राहिली होती. ती दाबेपर्यंत वेळ त्याचाच जात होता.

रोदेलियोने कपाळाला हात लावला आणि विचारात पडल्याचं सोंग घेतलं. बाराव्या मिनिटाला होवेन्सियोच्या घड्याळाचं निशाण पडलं: त्याची वेळ संपली, डाव रोदेलियोचा.

"नियमाबाहेर काही केलंस का?" प्रशिक्षकांनी विचारलं. "नाही ना? मग पदक घे आणि गप्प बस."

मनिलात त्याचं फारसं काही झालं नाही. तिथे सगळेच कळ दाबत. तो मास्तर होऊन परतला.

निवृत्ती जवळ आल्यावर मात्र सर माफी मागायचं ठरवून होवेन्सियोच्या किनाऱ्यावर गेले. तो जाळं सांधत बसला होता. ओळख सांगताच उडालाच.

"अरे, हा बघा! मी सांगतो ना, तोच हा! माझ्या एका घोड्यापुढे बारा मिनिटं डोकं धरून बसला होता!"

"पण हरलास तूच ना, म्हाताऱ्या?" शेजारचा नाववाला म्हणाला.

"हरलो. कळ दाबायची अक्कल नव्हती. पण घोडा? त्यालाच विचार. रोदेलियो, खरं सांग, त्या घोड्याला उत्तर होतं?"

सरांनी घरून तीन वाक्यं जुळवून आणली होती. त्या बारा मिनिटांत आपण पटाकडे पाहिलंच नाही, नुसतं घड्याळाकडे पाहत होतो, हे त्यातलं पहिलं.

"नव्हतं रे," ते म्हणाले.

"ऐकलंस?" होवेन्सियोने नाववाल्याच्या पाठीत थाप मारली, आणि टोपलीतले सगळ्यांत मोठे दोन मासे काढून सरांना बांधून दिले. नको म्हणायची सोय नव्हती.