सहा फुटांचा आडोसा

बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात गुंडप्पांनी एकतीस वर्षे आरेखकाचे काम केले. या काळात त्यांच्या हातून गटारे, पाणपोया, बाजारातले ओटे असे पुष्कळ नकाशे उतरले. परंतु ज्याची कल्पना संपूर्णपणे त्यांची होती असा नकाशा एकच, महादेवाच्या वाटेवरील बागेचा. तो त्यांनी तेवीस वर्षांपूर्वी काढला. बागेला चहूबाजूंनी सहा फूट उंच दगडी भिंत, एकच दरवाजा, आणि भिंतीकडे बाण करून वळणदार अक्षरात लिहिलेले तीन शब्द : ‘स्त्रियांसाठी योग्य आडोसा’. मुख्याधिकाऱ्यांनी त्या शब्दांखाली तांबडी रेघ ओढून ‘उत्तम’ असा शेरा दिला होता. एवढ्या शेऱ्यावर गुंडप्पांचे निवृत्तीचे आयुष्य सुखाने गेले असते.

गेल्या उन्हाळ्यात नगरपरिषदेने बागेचे आणि त्या वाटेचे नूतनीकरण काढले. गावातील बायकामुलींना निर्धास्तपणे वावरता यावे, असा त्याचा हेतू होता. त्यासाठी नेमलेली शिवांजली ही तरुण वास्तुरचनाकार एके दिवशी गुंडप्पांच्या दारी आली. ती आपल्याकडेच येणार हे त्यांनी गृहीत धरले होते. इस्त्रीचा सदरा घालून, जुना नकाशा चार कोपऱ्यांवर चार वजने ठेवून त्यांनी उलगडून ठेवला होता. तिने तो वाकून नीट पाहिला.

“काका, हा जपून ठेवा,” ती म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे वळली. “मावशी, मला खरं तर तुम्ही हव्यात.”

मल्लम्मा, गुंडप्पांच्या पत्नी, चौथीपर्यंत शिकलेल्या. पीठ लागलेले हात तसेच धरून त्या बाहेर आल्या. पुढच्या तीन संध्याकाळी अकरा बायकांसह त्या गावभर हिंडल्या. जिथे जायला भीती वाटते तिथे खडूने फुली मारायची, असे ते काम होते. गुंडप्पांना या तीन दिवसांत जेवण वेळेवर मिळाले. तक्रारीला तेवढीही जागा उरली नाही. शिवांजली येई ती ‘मावशी आहेत का?’ असे विचारत, आणि मावशी घरात नसल्या की उंबऱ्यावरूनच परत जाई. मल्लम्मांच्या नावाचे छापील ओळखपत्र खुंटीला लटकू लागले. गुंडप्पांनी तांबडी पेन्सिल घेऊन त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका दुरुस्त केल्या.

“त्ये पुसा,” मल्लम्मा म्हणाल्या. “गळ्यात घालायचं हाय मला.”

महिन्याने नगरपरिषदेच्या फलकावर मसुदा लागला. गुंडप्पा नोंद क्रमांकापासून वाचत गेले. ‘वाटेकडील भिंत उतरवून तीन फूट ठेवणे. आधार : सूचना क्रमांक चार, श्रीमती मल्लम्मा.’ एकतीस वर्षांत त्यांचे नाव त्या फलकावर एकदाही लागले नव्हते, बदलीच्या यादीतसुद्धा नाही. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत होती. गुंडप्पांनी त्याच दुपारी हरकत लिहायला घेतली.

“भिंतीवर फुली तू मारलीस?” त्यांनी विचारले.

“हां.”

“ती भिंत तुमच्यासाठीच घातली होती. आडोसा म्हणून.”

“आडोसा झाला की. पर कुणाला?” मल्लम्मा भाजी निवडत राहिल्या. “वाटंवर टवाळ पोरं भिंतीला टेकून बसत्यात त्येन्ला. बागंतून कुणाला दिसत न्हाई, रस्त्यावरून कुणाला दिसत न्हाई. लई सोय केली तुमी त्यांची.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तुमी इचारलं कवा? सोमवारी देवळातून यायला उशीर का, येवढंच इचारायचे.”

हे मात्र खरे होते. महादेवाची वाट आठ मिनिटांची आणि मल्लम्मांना एकोणीस मिनिटे लागत. वरची अकरा मिनिटे बांगडीवाल्या सुंदरबाईशी गप्पा मारण्यात जातात, असा ठपका गुंडप्पांनी तेवीस वर्षे ठेवला होता. बाजारातून वळसा घालून आले तर नेमकी एकोणीस मिनिटे होतात, हे त्यांनी त्या दिवशी मनातल्या मनात मोजले आणि मोजले नसते तर बरे, असे त्यांना वाटले.

तरीही हरकतीचा अर्ज त्यांनी फाडला नाही. भिंतीची नेमकी लांबी त्यात घालावी म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास फीत घेऊन ते त्या वाटेवर गेले. भिंतीपाशी ते वाकलेले असताना शिकवणीहून येणाऱ्या दोन मुली वाटेच्या तोंडाशी थबकल्या. एकीने खांद्यावरचा पट्टा घट्ट धरला. दुसरीने पाहिले, ते फक्त भिंतीच्या सावलीत एक पुरुष आहे इतकेच. दोघी बाजाराच्या गल्लीत वळल्या. ‘अगं, मी गुंडप्पा,’ असे म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडले. परंतु तसे म्हणणाऱ्या पुरुषाला त्या मुलींनी काय म्हणून थांबावे, हे त्यांना सुचेना.

घरी येताच ते म्हणाले, “बागेत बायका बसतात तशी बस.”

“कावून?”

“बस म्हणतो ना. ही घे खुर्ची.”

“बाकड्यावर बाप्ये बसत्यात. आमी गवतावर बसतो, सतरंजी टाकून.” मल्लम्मा फरशीवर मांडी घालून बसल्या. गुंडप्पांनी फीत जमिनीला लावली आणि मल्लम्मांच्या डोळ्यांपर्यंत आणली. दोन फूट तीन इंच. जिच्यासाठी त्यांनी भिंत आखली होती, तिचे माप ते प्रथमच घेत होते.

“तीन फूट भिंत ठेवली तर तू खाली बसल्यावर झाकली जाशील,” ते म्हणाले, आणि त्यांचा स्वर जरा प्रसन्न झाला. “हे तुझ्या शिवांजलीच्या लक्षात आलेले नाही.”

“मंग सांगा तिला.”

“सांगणार नाही. लिहून देणार.”

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी ‘हरकत’ हा शब्द खोडून ‘सूचना’ असे लिहिले, भिंत दोन फुटांहून उंच असू नये याची आकृती जोडली आणि खाली पूर्ण नावाने सही केली. कारकुनाने सतरा क्रमांक घातला.

“माझी चार हाय,” घरी पोचपावती पाहून मल्लम्मा सहज म्हणाल्या.

दिवाळीपूर्वी सुधारित नकाशा फलकावर लागला. गुंडप्पा चष्मा पुसून पुढे झाले. भिंत दोन फूट झाली होती. समासात लिहिले होते : ‘सूचना क्रमांक ४ व १७’. त्यांनी आधी सतरावर बोट ठेवले, बराच वेळ ठेवले. मग त्यांच्या ध्यानात आले की चार सतराच्या अलीकडे छापला आहे. अंकांचा क्रम पाहता ते योग्यच होते, हे त्यांना मान्य करावे लागले.