माझ्या वाटच्या बिड्या

मोहाडीजवळच्या आमच्या गावात आई आणि शेजारच्या बाया दुपारभर आमच्या ओसरीत बिड्या वळायच्या. मी भंडाऱ्याला बी.ए. करत होते. कॉलेजातून आले की मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसायचं, हा घरचा नियम. पण एकदा मी चहाच्या टपरीवरचा शिळा पेपर वाचून दाखवला आणि बाया हटूनच बसल्या, रोज वाच म्हणाल्या. माझ्या वाटच्या बिड्या सगळ्यांनी थोड्या थोड्या वळून माझ्या सुपात टाकायच्या, हे त्यांनीच ठरवलं. बी.ए. झाल्यावरही ते चालूच राहिलं. वाचून झालं की मी त्यांना सही गिरवायला लावायचे.

पुढे प्रौढ शिक्षणाच्या कामासाठी मुलाखत आली. माझ्या आधी आत गेलेली मुलगी कॉलेजच्या शिबिराचं प्रमाणपत्र मिरवत होती. मला शिबिराला जायची सवड कुठली! साहेबांनी विचारलं, "अभ्यासाशिवाय काय केलंत?"

"काही नाही," मी म्हणाले. त्या खोलीत बिड्यांचं नाव काढायची लाज वाटली, दुसरं काय. नोकरी त्या मुलीला लागली.

घरी आईनं खोदून खोदून विचारलं. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"काहीच नाई म्हनलं? मंग आमी तुह्या वाटच्या बिड्या कायले वळून राहिलो होतो वो?"

दुसऱ्या दिवशी कोणी पेपर पुढे केला नाही. सूप माझ्या मांडीवर आलं. बोटांची सवय मोडलेली, माझ्या बिड्या सैल व्हायच्या आणि कारखान्यात फेकल्या जायच्या. मला नुसता संताप व्हायचा, त्या साहेबावर आणि स्वतःवरही.

वर्षभरानं दुसरीकडे तशीच मुलाखत झाली. प्रश्न तोच. या वेळी ओसरी, बिड्या, पेपर, सह्या, सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला घेतलं.

तोवर आईच्या छातीत तंबाखूची धूळ बसली होती. तिला खाटेवरून उठवत नव्हतं. मी उशाशी बसून बातमी सांगितली.

"आमचं सांगतलं का?"

"सांगतलं, माय. त्याच्यावरच घेतलं मले."

ती बराच वेळ खोकली. मग भिंतीकडे पाहत म्हणाली, "मंग पयल्या डावलेच काहून नाई सांगतलं? तवा मी साऱ्या गावाले सांगाले चालत गेली असती."