पोळ्याच्या दिवशी सापडलेला बुडीत माणूस

तो पोळा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी विचारले की साहेब, एखादी केस सांगा, तर मला आधी हीच सुचते. नावे मात्र कुणाची देत नाही.

साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षे. मी नवा फौजदार, बडनेऱ्याच्या बाजूच्या एका ठाण्यात. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील अमरावतीच्या बाजारात भाजी विकत. त्यामुळे असेल, पण कुणाच्या दारात खाकी घालून उभे राहताना मला थोडे अवघडल्यासारखे होई.

एके दिवशी मुंबईच्या बंदर पोलिसांची तार आली. गोदीत एका मालवाहू जहाजाला अपघात झाला होता. आता म्हणे मोठमोठ्या लोखंडी पेट्या भरलेली जहाजे येतात आणि यंत्रे त्या उचलतात. तेव्हा पिंपे, खोकी, गासड्या जहाजाच्या पोटात उतरून माणसेच साखळीला बांधत आणि वरचे यंत्र ती ओढून घेई. अशीच तेलाची पिंपे वर येताना साखळी तुटली, पिंपे फुटली, आग लागली. बंबांनी इतके पाणी मारले की जहाज धक्क्यावर कलले. कामगार मोजले तर एक कमी. तो आमच्या हद्दीतला, एका फुलमळेवाल्याचा मुलगा. तारेत होते: बहुधा बुडून मृत, वारसांना कळवून जबाब घ्यावा.

मी हवालदाराला घेऊन मळ्यात गेलो. म्हातारे वडील ओट्यावर होते, सून झेंडूची फुले खुडत होती. मी कसेबसे सांगितले. म्हाताऱ्याने मान खाली घातली. सुनेने पदर डोक्यावर ओढला आणि हळूच विचारले, "साहेब, पोलीस त्यायले शोधून राह्यले का?"

परत येताना हवालदार म्हणाला, "बाई धक्क्यानं सुन्न झाली, साहेब." मला तसे वाटले नाही. नवरा बुडाला हे ऐकून बायको 'कुठे', 'कसा' विचारते. पोलिसांचे काय, ते विचारत नाही. पण नुसत्या वाटण्यावर कुणाच्या घरात शिरायचे कसे? मी डायरीत जबाब नोंदवला आणि गप्प राहिलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गावचे पोलीस पाटील ठाण्यात आले. खुर्चीवर बसले, पान लावले आणि म्हणाले, "साहेब, ज्या घरात माणूस गेला, तिथं यंदा पोळा होते का?"

"नाही होत."

"मंग त्या मळ्यात बैलायच्या खांद्याले हळद अन् तूप लागलं, थे काहून?"

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी घरधन्याने बैलांचे खांदे मळायचे आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण द्यायचे, ही आमच्याकडची रीत. पाटील म्हणाले, "म्हाताऱ्याचे हात त सांधेवातानं वळत नाईत. एवढे सुरेख खांदे मळले कोणं?"

दुसऱ्या दिवशी मी पोळ्याच्या बंदोबस्तावर स्वतः गेलो. तोरणाखाली बैल रांगेत उभे होते, डफडे वाजत होते. म्हाताराही आपली जोडी घेऊन आला होता. लोक कुजबुजत होते. तोरण तोडून पोळा फुटला, आणि म्हाताऱ्याचा डावा बैल एकदम हिसका देऊन निघाला. झूल लोळत, घुंगरमाळ वाजवत थेट मळ्याकडे. मागे म्हातारा, त्याच्या मागे मी, माझ्यामागे अर्धे गाव.

बैल गोठ्यामागच्या कडब्याच्या गंजीपाशी थांबला आणि पेंढ्यांत तोंड खुपसून चाटू लागला. सून धावत आली. "हो, हो! मेल्या, आजच आठवलं का तुले? चाल इकडं!"

गंजी हसली. खरेच, आतून हसू आले. बैलाची खरखरीत जीभ मानेवर फिरल्यावर कोण गप्प बसेल?

"बाहेर ये गड्या," पाटील म्हणाले. "पुरणपोळी आत येणार नाई."

अंगभर कडबा चिकटलेला तो बाहेर आला आणि थेट माझे पाय धरू लागला. "साहेब, मले फाशी होईन का? जहाज मी जाळलं!"

मी त्याला ओट्यावर बसवले, पाणी दिले. पाटील पंच म्हणून शेजारी बसले. तो अडखळत सांगू लागला.

यंत्रवाल्याला जहाजाच्या पोटातले दिसत नसे, म्हणून वर उभा राहून त्याला हाताने इशारा देणारा एक माणूस असे; तो त्या दिवशी आला नव्हता. मुकादमाने यालाच त्या पोटाच्या तोंडाशी उभे केले. याला इशारे ठाऊक होते, पण विहिरीचे. आमच्याकडे विहिरीचा गाळ काढताना काठावरचा माणूस खाली पाहतो आणि पंजा वर करतो. मग बैलवाला बैल हाकतो, गाळाची पाटी वर येते. याने तसाच पंजा वर केला. गोदीत त्याचा अर्थ थांब! यंत्रवाल्याने यंत्र थांबवले. पिंपे अधांतरी लोंबकळली.

"मी हात करतो, थे थांबते. मी आणखी वर करतो, थे थांबूनच राह्यते! खालून चौघं शिव्या देऊन राह्यले. तसेच शिव्या देत शिडीपाशी आले अन् साखळी तुटली. मंग नुसता जाळ. मी पाण्यात उडी मारली, दुसरीकडून निघालो अन् गाडीत बसलो."

मी विचारले, "ते चौघे शिडीपाशी आले नसते तर?"

त्याने पाण्याचा लोटा खाली ठेवला. "पिंपायखाली असते, साहेब."

"मग तू कुणाला मारलंस?"

त्याच्यावर गुन्हा नव्हताच, तो फक्त बेपत्ता होता. मी जबाब मुंबईला पाठवला. चौकशीसाठी त्याला बोलावणे आले, हवालदार सोबत गेला. तिकडे साखळीची कडीच झिजलेली निघाली. आणि ते चौघे, ज्यांनी शिव्या दिल्या होत्या, ते त्याला पाहून भूत समजून आधी घाबरले आणि मग त्याला खांद्यावर घेऊन नाचले. चौकशीच्या साहेबांनी विचारले, हा इशारा कुणी शिकवला? हा म्हणाला, "आमच्या विहिरीनं."

तो परतला तेव्हा मी बडनेरा स्टेशनवर होतो. त्याची बायकोही आली होती. तो डब्यातून उतरला आणि ती फलाटावरच बसून मोठ्याने रडू लागली.

"आता काहून रडते व?" तो गोंधळला.

ती मला म्हणाली, "साहेब, तुमी मेल्याची खबर देली तवा मले रडाचं होतं, लोकायसाठी. जिवंत माणसासाठी रडूच येईना. आता येऊन राह्यलं त रडू द्या."

आम्ही तिला रडू दिले. गाडी निघून गेली तरी ती रडत होती आणि मध्येच हसत होती.

पुढे ठाण्यात पळालेला माणूस आणला की 'काय केलंस?' असे मी आधी विचारत नसे. 'तुझ्या मते काय झालं?' असे विचारत असे. पुष्कळांनी मला सरळ थापा मारल्या, हेही सांगायला हवे. पण काही जण आपण न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा स्वतःला देऊन बसलेले असत. त्यांना घरी पाठवणे हेही पोलिसाचेच काम आहे, आणि मला तरी नोकरीत त्याहून सुखाचे काम मिळाले नाही.