रक्त भावकीचं, नाक सुनेचं

माझं नाक देवळाच्या पायरीवर होतं आणि मानेवर माझ्याच सासूचा हात होता. पायरीवर नारळाचं पाणी वाळून चिकट झालेलं. त्याला मुंग्या. "सात वेळा नाक घासायचं," वरून आवाज आला आणि मोजणी सुरू झाली. तिसऱ्या वेळी कातडं सोललं. माझा मुलगा खांबाला टेकून बसला होता. मला सोडवायला तो उठला, दोन पावलं टाकली आणि पाय अडकून तोंडावर पडला.

"बघा," कोणीतरी म्हणालं, "आईजवळ गेला की पडतो."

लोक हसले.

मोजणारा माझा चुलत दीर. गावकीचा अध्यक्ष. महाडच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. मुलांना चवदार तळ्यावर न्यायचा आणि माणसानं माणसाशी कसं वागावं ते सांगायचा. सुट्टीत पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत यायचा आणि हे करायचा.

आमच्या घरात आजार होता. आधी पाय फाकतात. मग पेला धरायला गेलेला हात पेल्याच्या पुढे जातो. जीभ जड होते. लोक म्हणतात, प्यायलाय. शेवटी घास उतरत नाही. सासऱ्यांना तो पंचावन्नाव्या वर्षी लागला. नवऱ्याला चाळिशीत, तो पायरीच्या आधीच गेला. मुलाला सव्विसाव्या वर्षी. गावकीचं म्हणणं, आजार दर पिढीला लवकर येतोय, म्हणजे बाहेरून आलेली बाई तो ओढून आणतेय. गुरवानं देवाला फुलं लावून कौल घेतला. फूल डावीकडचं पडलं, म्हणजे कौल वाईट. झालं. दोष माझा.

सासूनं मान दाबली, कारण माझ्याआधी लोक तिलाच बोलायचे. आता तिची सुटका झाली होती.

पुढं माझा भाऊ मुलाला मुंबईच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. मीही गेले. डॉक्टरबाईंनी दोघांचं रक्त घेतलं. काही आठवड्यांनी परत बोलावलं आणि समोर बसवून सांगितलं. त्यांनी सुरू करण्याआधीच मी विचारलं, "बाई, माझ्या पायगुणानं झालं का?" त्यांनी कपाळाला हात लावला.

त्या म्हणाल्या, शरीर प्रथिनांवर चालतं. प्रथिन कसं बांधायचं ते शरीरात लिहिलेलं असतं आणि आईबापाकडून मुलाकडे उतरतं. एका प्रथिनात एकच तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. मी चौथीपर्यंत शिकले. शाळेत एकच शब्द पन्नासदा लिहायची शिक्षा व्हायची. सगळे शब्द सारखे, त्यामुळं नजर घसरायची आणि एखादा जास्त पडायचा. शरीराचंही तसंच होतं, बाई म्हणाल्या. जिथं तेच ते असतं तिथं उतरवताना चूक होते. मग पुढचा माणूस ती चुकलेली प्रत उतरवतो. त्यात आणखी वाढ. जितका जास्त वाढेल तितका आजार लवकर. आणि बापाकडून उतरताना तो जास्त वाढतो.

"पण ते शरीरात हवंच कशाला?" मी विचारलं.

"सगळ्यांत असतं, आजी. माझ्यातही आहे. जनावरांतही असतं, कुठं आखूड, कुठं लांब. पिढ्यान् पिढ्या ते असंच कमीजास्त होत आलंय. थोडं इकडं तिकडं झालं तर चालतं, कधी उपयोगीही पडतं. फार वाढलं की घात करतं. तुमचं रक्त बघितलं. तुमचा तुकडा इतर चारचौघांइतकाच आहे. हे तुमच्या नवऱ्याकडून आलं."

नवऱ्याकडून. म्हणजे सासऱ्यांकडून. म्हणजे भावकीच्या रक्तातून.

कागद इंग्रजीत होता. मी तो दिराकडे नेला. तो शिकलेला. त्यानं दोनदा वाचला. चष्मा काढला.

"वयनी, हे बाहेर काढू नका. भावकीच्या पोरींची लग्नं मोडतील."

"आन माझं नाक?"

"तुमचं आता झालंय ना सगळं."

म्हणजे त्याला कळलं होतं. कळल्यावर त्यानं कागदाची घडी घातली आणि चहा मागवला. मी तो चहा प्याले. या गोष्टीची मला त्या पायरीपेक्षा जास्त किळस येते. मुलगा मेला तरी मी गप्प होते. बारा वर्षं गप्प होते.

या वर्षी शिमग्याच्या आधी पुन्हा गावकीची बैठक बसली. आता दिराचा मुलगा धडपडू लागला होता. वय चोवीस. मुंबईत गाडी चालवायचा, ते काम सुटलं. त्याच्या लग्नाला दोन वर्षं झालेली, बायकोच्या कडेवर मुलगी. मुलगी तिच्याकडून काढून घेतली आणि त्या सुनेला पायरीकडे आणलं. दीर खाली बघत बसला होता. त्याचा स्वतःचा हात साठीनंतर पेल्याच्या पुढे जायला लागलाय. खिशात घालून ठेवतो.

मी जाऊन पायरीवर बसले.

"उठ गो म्हातारे, मधी कशाला तडमडतेस?" गर्दीतून कोणीतरी खेकसलं.

"नाय उठत. भावजी, तुमी सांगताय का मी सांगू?"

"वयनी, घरी चला. घरी बोलू."

"घरीच गप ऱ्हायले ना बारा वर्षं."

मग मी सगळं सांगितलं. कोणाच्या रक्तातून कोणाकडे आलं, कोणाकडून वाढलं, नावं घेऊन. एक पोरगा ओरडला, "चौथी शिकलेली बाय आमाला शिकवते."

"मंग तुज्या काकाला इचार. तो शिकलेला हाय. कागद त्यानं वाचलाय."

सगळे दिराकडे वळले. तो नाही म्हणाला नाही. चष्मा काढून पुसत बसला. त्याच्या सुनेनं आपली मुलगी परत घेतली आणि उभी राहिली. तिला कोणी वाकवलं नाही.

माफी कोणी मागितली नाही. भावकीतल्या दोन सोयरिकी मोडल्या. बायका मला बघून थुंकतात. थुंकू द्यात. ज्या लग्नाला माझ्यावरचं खोटं लागतं, ते मोडलेलंच बरं. ती छोटी मुलगी मोठी झाली की रक्त तपासायचं की नाही ते तिनं ठरवावं, गावकीनं नाही. यापुढं कोणत्याही सुनेला त्या देवळात वाकवलं, तर मी पोलादपूरला पोलीस ठाण्यात जाईन आणि पहिलं नाव दिराचं सांगेन. मी नाव टाळणार नाही, नातं बघणार नाही.

सत्तरी ओलांडलेली, चौथी शिकलेली, नवरा आणि मुलगा या आजारात गेलेली बाई आहे मी. हे माझ्यावर झालं.