चांदसैलीच्या घाटाआधी एक पाचर

नंदुरबारहून धडगावला जायचे दोन रस्ते आहेत. शहादा-म्हसावद मार्गे गेलात तर वेळ लागतो, पण पोटात गोळा येत नाही. तळोद्यावरून चांदसैली घाटाने गेलात तर डोंगर बघायला मिळतो आणि पोटात गोळाही येतो. आम्ही दुसरा रस्ता धरला, कारण ताईला त्याच रस्त्याने जायचं होतं. माझ्या पोटातला गोळा मात्र घाटाच्या आठ दिवस आधीच आला होता.

झालं असं की माझ्या जुन्या जीपच्या मागच्या एक्सलचे दात गेले. भंगारातून दुसरा एक्सल आणला, तो निघाला वेगळ्या मॉडेलचा. स्प्रिंगचे पाटे बसवायच्या बैठका कापून नव्या जागी वेल्ड करून घेतल्या. एक्सलचा कोन मी स्वतः मोजला, मोबाइलवर, दशांशापर्यंत. मी तंत्रनिकेतनात मेकॅनिकल शिकवतो, त्यामुळे मिस्त्रीला मोजू देणं मला कमीपणाचं वाटलं.

गाडी रस्त्यावर काढली आणि पन्नासच्या पुढे ती भणभणायला लागली. आधी सीटखाली, मग गिअरच्या दांड्यात, मग माझ्या दाढेत. चाकं बॅलन्स केली. इंजिनाची ताकद मागे नेणारा लांब शाफ्ट काढून तोही बॅलन्स केला. त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यातले क्रॉस नवे टाकले. भणभण जागची हलली नाही. रात्री डोळे मिटले की शाफ्ट घाटात सुटून रस्त्यावर आपटताना दिसायचा.

आणि तरीही निघालो. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. पंचवीस वर्षं ती धडगावकडच्या पाड्यांवर नर्स होती. तिच्या हातावर जन्मलेल्या रमिलाचं लग्न होतं आणि ताई महिनाभर त्याचीच वाट बघत होती. तिला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

सकाळी सातला नंदुरबार सोडलं, पंचेचाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. तापीच्या पुलावरून ताईच्या गावात, प्रकाशात शिरलो तर ताई ओट्यावर तयार बसलेली. शेजारी नवऱ्या मुलीसाठी शिलाई मशीन, दोन कट्टे तांदूळ, केळीचे चार घड. ते सगळं चढवताना मागचे पाटे खचत गेले आणि माझा धीरही.

"गाडी बरी शे ना रे भाऊ?" ताईने विचारलं.

"एकदम बरी शे."

"तू सांगस ना, मंग बरी शे." एवढं बोलून ती पुढच्या सीटवर बसली. पट्टासुद्धा मीच आठवण केली तेव्हा लावला.

प्रकाशा ते तळोदा रस्ता छान आहे, दोन्ही बाजूंना केळी आणि पपई. मला त्यातलं काही दिसलं नाही. भरल्या गाडीत भणभण चाळिशीलाच सुरू झाली, आणि चांगलीच वाढली. आरसा इतका थरथरत होता की मागचा ट्रक मला दोन दिसत होता. ताईने आरशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "रस्ता खराब शे," मी म्हणालो. रस्ता ताज्या डांबराचा होता.

तळोद्यात डिझेल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. जेवणही इथेच उरका. जीपस्टँडजवळ शेवभाजी झणझणीत मिळते, दोघांचं तीनशेच्या आत होतं. मी मात्र "हवा तपासतो" असं सांगून ताईसकट गाडी गुलाब मिस्त्रीच्या शेडमध्ये घातली. डोंगरात जाणाऱ्या निम्म्या जिपा हा साठीचा माणूस सांभाळतो, असं पंपावर कळलं होतं. त्याच्या कानाशी जाऊन हळूच सगळं सांगितलं आणि ताईला म्हणालो, "ताई, उतर जरा."

"उतरू नका माय," मिस्त्री ओरडला. "तुम्ही बठनात तवय गाडी खरी शे."

मग त्याने जी गोष्ट केली ती मला एकाही पुस्तकात दिसलेली नाही. स्टँडवर जिपेची वाट बघत बसलेल्या पाच-सहा बायांना त्याने हाक मारली. "बठा वं माय मागे, दहा मिनिट. पैसा लागाव नहीत." बाया हसत, आपली गाठोडी घेऊन चढल्या. गाडी आणखी तीन बोटं खाली बसली. मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उतरला, दोरीला नट बांधून ओळंब्यासारखा शाफ्टशेजारी धरला, दोन्ही टोकांना एक डोळा मिटून पाहिलं.

"क्रॉस नवा शे, शाफ्ट सरळ शे. पन मांगलं तोंड वर देखी ऱ्हायनं." मग खड्ड्यातूनच त्याने विचारलं, "भाऊ, कोन मोजा तवय गाडी कसावर व्हती?"

"जॅकना स्टँडवर. चाकं लोंबत व्हतात."

"गाडी काय हवामा चालस का?"

बाया फिसकन हसल्या. माझे कान तापले. चाकं लोंबत असली की पाटे सैल पडतात आणि एक्सल भलत्याच कोनात उभा राहतो. त्या भलत्या कोनावर मी दशांश काढत बसलो होतो! शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन जुळले नाहीत, तर तो प्रत्येक फेरीत दोनदा हिसका देतो. हे मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवतो.

पण खरा हिसका पुढे होता. ताईने खिडकीतून मान काढली.

"म्हंजे गाडी खराब शे, तुले माहीत व्हतं?"

"आठ दिवसपासून."

बाया उतरल्यावर मिस्त्रीने पाटे आवळणारे यू-बोल्ट ढिले केले, लोखंडी पट्टी घासून दोन पाचरी केल्या आणि दोन्ही पाट्यांखाली सारल्या, तसं एक्सलचं तोंड खाली झुकलं. दोन तास गेले. ताई लिंबाखाली बसून होती. मी चहा नेऊन दिला तेव्हा ती म्हणाली, "या घाटमाईन मी अडेल बाया जीपमा लयी उनू, बाळंतपनले. ड्रायव्हरले इचारं का तो खरं सांगे, 'बाई, ब्रेक कमी शे.' मंग आम्ही तसं सावधपने बठूत. तू मन्हा भाऊ शे, आनि तूच खोटं बोलना." चहा तिने घेतला नाही.

निघताना मिस्त्रीने बजावलं, "भरेल गाडीना हिशोबमा पाचर लाई शे. रिकामी चालाडशात ते थोडी थरथरी."

ताई पुढे बसली नाही. मागे मशीनशेजारी जाऊन बसली. घाटाच्या पायथ्यापर्यंत काटा पंचावन्नवर नेला, आरसा शांत. तरी माझा विश्वास बसेना. चांदसैलीत वळणावळणाला हॉर्न द्यावा लागतो, काही ठिकाणी कठडाच नाही, समोरून जीप आली की एकाने मागे सरकायचं. दर वळणावर मी कान टवकारत होतो आणि आरशात ताई बाहेर तोंड करून बसलेली दिसत होती. शाफ्टपेक्षा ते मला जड गेलं.

पाड्यावर पोचलो तर अंगणोअंगणी कैरीच्या फोडी वाळत होत्या, आमचूर होण्यासाठी. रमिलाच्या आईने ताईला मिठी मारली आणि पावरी भाषेत किती वेळ काय काय बोलत राहिली. मला कळलं नाही, पण ताई रडत होती आणि हसतही होती. मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ पोटभर जेवलो. ढोल सुरू झाला तसा जमिनीचा कंप तळपायात शिरला आणि मी दचकून जीपकडे पाहिलं. ती सावलीत मुकाट उभी होती.

दुसऱ्या दिवशी तळोद्यापर्यंत पाच वऱ्हाडी घेऊन उतरलो. ताईला प्रकाशात सोडलं. आमचुराची पिशवी माझ्या हातात देऊन ती घरात गेली, "पोचना का फोन कर" एवढंच म्हणाली. तापीचा पूल ओलांडून रिकामी गाडी पन्नासच्या पुढे नेली आणि गिअरचा दांडा बारीक थरथरला.  मग मिस्त्रीचं बोलणं आठवलं आणि वेग कमी केला.

तुम्ही जाणार असाल तर घाट सकाळीच चढा, आणि कुठलीही मोजमापं गाडी चाकांवर उभी करून, माणसं बसवून घ्या. बाकी माझ्या हाती काय राहिलं, ते मला पंधरा दिवसांनी कळलं. रमिला माहेरी आली होती, ताईला परत बोलावणं होतं. ताईचा फोन आला.

"गाडी बरी शे ना?"

'एकदम' ओठांवर आलं होतं. गिळलं.

"भरेल बरी शे, ताई. रिकामी पन्नासना पुढे थरथरस."



"मंग मी पुढे बठस," ती म्हणाली. "मांगे तांदूळ टाक."