दानात आलेल्या सहा पेट्या

"कोट काढ आणि इथे झोप."

मॅडमच्या हातात एक जुनी हिरवी ओढणी होती. ती त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली आणि दोन पावलं मागे सरून माझ्याकडे पाहिलं. खिडकीला पडदा कसा दिसतो ते बघावं, तसं.

"हं. डोक्यावरून घे जरा. आता बरोबर."

मी त्या हॉस्पिटलात टेक्निशियन होते. मुलींच्या पॉलिटेक्निकमधून मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. तेवीस वर्षांची, लग्न न झालेली. आणि मला बाळंतीण व्हायला सांगत होत्या. फोटोपुरती.

"मॅडम, वॉर्डात खऱ्या बायका आहेत की," मी म्हणाले.

"अगं, त्या फार मळलेल्या आहेत. पाहुणे जवळ बसणार, हात हातात घेणार." मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं, "आणि तुझा चेहरा तसा आहे गं. आमच्यातलं कुणी झोपलं तर पटणार नाही."

तसा म्हणजे कसा, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. पाहुण्यांना दाखवायला गरीब बाई हवी होती, पण धुतलेली. तशी बाई अख्ख्या हॉस्पिटलात मीच सापडले होते.

मी कोट काढला. झोपले. हे मी लपवणार नाही. आज कुणी मला धीट म्हणतं तेव्हा मला ती खाट आठवते. मी आधी झोपले होते.

मॅडम म्हणजे आमच्या सुपरिंटेंडेंट डॉक्टरांच्या पत्नी. मराठी. हॉस्पिटल गाझियाबादच्या नव्या वसाहतीत होतं, एका ट्रस्टचं, धर्मादाय. नाव लिहीत नाही. तेव्हा यमुनेपलीकडे शेतं संपून टॉवर उभे राहत होते. अर्धवट इमारतीवरसुद्धा स्विमिंग पूलची जाहिरात लागलेली असायची, आणि खाली विटा वाहणाऱ्या बायकांची बाळं वाळूच्या ढिगावर झोपलेली असायची.

मॅडमना मी लहानपणापासून ओळखत होते. गणपतीच्या मंडपात काकू म्हणायचे, हॉस्पिटलात मॅडम. माझे वडील मिनिस्ट्रीत शिपाई. आम्ही बौद्ध. तरी वडील दर वर्षी त्या मंडपात जायचे, कारण एवढ्या मोठ्या दिल्लीत चार माणसांच्या तोंडून मराठी ऐकायला मिळायची ती तिथेच. काकू आरतीचं तबक धरायच्या. वडील सतरंज्या घालायचे. कुणी सांगितलेलं नव्हतं, पण दर वर्षी हे असंच व्हायचं. त्याच मंडपात त्यांनी एकदा काकूंपुढे हात जोडले, "मुलीचं काहीतरी बघा." काकूंनी बघितलं. तेव्हापासून आमच्या घरात एक वाक्य येऊन राहिलं. त्यांचे उपकार आहेत.

आता पेट्यांचं सांगते. परदेशातल्या डॉक्टरांची एक तुकडी आठ दिवस येणार होती. स्वतःच्या खर्चानं येऊन, फुकट, लहान मुलांची ऑपरेशनं करणार होती. त्यांनी बोटीनं सहा काचेच्या पेट्या पुढे पाठवल्या होत्या. कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं ज्यात उबेला ठेवतात त्या. लाकडी खोक्यांतून पेट्या आल्या त्या दिवशी मी खूश होते. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता माझं काम सुरू होईल.

पण माझ्या आधी पेट्यांना हात लागला पूजेचा. काचेवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचे हार, पायरीवर नारळ. डॉक्टरसाहेब म्हणाले, पूजेच्या वेळी मशीन बंद बरं दिसत नाही, दिवा लागलेला पाहिजे. मी म्हणाले, "सर, थांबा, यांचं व्होल्टेज आपल्या निम्मं आहे. मधे ट्रान्सफॉर्मर लागेल." भटजी थांबायला तयार नव्हते, मुहूर्त होता. कुणीतरी प्लग भिंतीत खुपसला. फट्ट झालं. धूर आला. आरती थांबली नाही.

"नजर लागली," मॅडम म्हणाल्या. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण प्लगच्या सर्वांत जवळ मी उभी होते.

उरल्या पाच. भगीरथ पॅलेसच्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन मी दोन ट्रान्सफॉर्मर आणले. सायकलरिक्षात दोन्ही पायांमध्ये धरून बस स्टॉपपर्यंत, मग बसमध्ये मांडीवर. बाकी तिघींचे आतले काही भाग गेलेले होते आणि सुटे भाग मिळत नव्हते. एकीच्या मागे तर त्यांच्या हॉस्पिटलचा स्टिकर तसाच होता, इंग्रजीत, वापरातून काढलेली. मी तो डॉक्टरसाहेबांना दाखवला. त्यांनी वाचला आणि नखानं खरवडून काढला.

चालतील अशा दोन राहिल्या. एकीचा पंखा फिरत नव्हता. दुसरीचा दोष वाईट होता. या पेट्यांत हीटरचा लाल दिवा असतो. आत हवी तेवढी ऊब झाली की तो आपोआप विझतो, कारण हीटर बंद होतो. हिचा दिवा विझतच नव्हता. मी आत सलाईनच्या बाटल्या ठेवून दोनदा पाहिलं. पेटी तापत राहायची, तापतच राहायची. मी रजिस्टरमध्ये तीनदा लिहिलं, बाळ ठेवू नये.

"फुकट आलंय. खोट काढत बसू नकोस," डॉक्टरसाहेब म्हणाले. "लोकांनी मोठ्या मनानं दिलंय."

आणि आता त्या विझत नसलेल्या दिव्याच्या पेटीशेजारच्या खाटेवर मी ओढणी घेऊन झोपले होते. मला कबूल केलं होतं की हीटर बंद राहील, नुसती पेटी दिसेल. शेजारच्या साइटवरून एक मजूर बाई आणली होती, तिची चाळीस दिवसांची मुलगी पेटीत ठेवायची होती. बदल्यात दुधाच्या पावडरीचा डबा. मूल तिचं, आई मी. तिला दाराबाहेर उभं केलं. आत येताना तिनं मला पाहिलं तेव्हा अंगावर अजून कोट होता, म्हणून तिला वाटलं मी कुणीतरी मोठी आहे.

"दीदी, कुछ होगा तो नहीं?"

"नहीं होगा," मी म्हणाले. मी शब्द दिला तिला.

पाहुणे आले. पुढे एक उंच, पांढऱ्या केसांचे मुलांचे डॉक्टर. चेहरा चांगला होता त्यांचा, हेही सांगायला हवं. त्या आठवड्यात त्यांनी फाटलेले ओठ शिवले, बापांना रडवलं आनंदानं. मी ते पाहिलंय. म्हणूनच माझा राग सोपा नाही.

ते खाटेच्या कडेला बसले. माझा हात हातात घेतला. मॅडम इंग्रजीत सांगू लागल्या. हिची आधी दोन मुलं गेली. हिला लिहितावाचता येत नाही. तुमच्या मशीनमुळे हिची मुलगी जगली. मी प्रत्येक शब्द समजत पडून होते. माझी दोन मुलं एका वाक्यात जन्मली आणि मेली. माझा डिप्लोमा गेला. डॉक्टरांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी छताकडे पाहत राहिले. 

तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, मशीन ऑफ लग रहा है."

मॅडमनी हात पुढे केला आणि हीटरचं बटण फिरवलं. लाल दिवा लागला.

मला वाटलं, एक फोटो, मग बंद करतील. पण फोटो एक नसतो. ट्रस्टी आले, त्यांचा एक. त्यांच्या सुना आल्या. डॉक्टरसाहेबांनी छोटंसं भाषण सुरू केलं. मी मान वळवून दिवा बघत होते. विझ. विझ ना. बाळ आधी हातपाय हलवत होतं, मग कुरकुरलं, मग रडायला लागलं. तोंड लाल झालं. दारातून ती बाई मान वर करकरून बघत होती. मी डाव्या हातानं मॅडमचा पदर ओढला. त्यांनी पदर सोडवून घेतला.

"अच्छा है, रोने दो," त्या फोटोग्राफरला म्हणाल्या, "नॅचरल लगेगा."

मी उठले.

ठरवून नाही. विचार वगैरे काही नव्हता. पाय खाली आले, ओढणी पडली, मी बटण बंद केलं, काच उघडली आणि पोरीला उचललं. तिची पाठ तव्यावरून काढलेल्या भाकरीसारखी लागली हाताला. मी तिला छातीशी धरलं आणि इंग्रजीत बोलले. मोठ्यानं. पहिल्यांदा त्या हॉस्पिटलात मोठ्यानं.

"हा हीटर बंद होत नाही. मी या बाळाची आई नाही. मी इथली टेक्निशियन आहे. मी हे तीनदा लिहून दिलंय."

 पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांनी पेटीत हात घातला आणि पटकन बाहेर काढला. मला वाटलं, आता हे विचारतील. कुणाला लिहून दिलंस, कधीपासून, बाकीच्या पाच कुठायत. त्यांनी बाळाला तपासलं, ठीक आहे म्हणाले, दूध पाजायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून हसले.

"यू स्पीक व्हेरी गुड इंग्लिश."

एवढंच.

मी दाराशी गेले. पोरगी आईच्या हातात दिली. ती दुधाचा डबाही न घेता निघून गेली. माझा शब्द खोटा ठरला होता आणि तिला ते कळलं होतं. मागे खोलीत दहा मिनिटांत सगळं सावरलं गेलं. पेटीत टॉवेलची गुंडाळी दुपट्यात बांधून ठेवली, खाटेवर एका आयाला झोपवलं आणि फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. दानातल्या मशीनवरची कस्टम्स ड्यूटी माफ झाली होती, तिच्यासाठी दाखला लागत होता की सहा पेट्या बसवल्या आहेत आणि चालू आहेत. खाली टेक्निशियनची सही.

"सही कर," डॉक्टरसाहेब म्हणाले. "काल जे झालं ते मी विसरतो. पुढच्या महिन्यात तुझं कन्फर्मेशन आहे."

मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. "तुझ्या वडिलांनी हात जोडले होते माझ्यापुढे. लक्षात आहे ना?"

"उद्या देते," म्हणून मी कागद घरी आणला.

वडिलांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला. "सही कर, बेटा. आपली पोझिशन काय, त्यांची काय. शिपायाची मुलगी तू. उपकार असे फेडायचे नसतात."

"बाबा, बाळ भाजलं असतं."

"भाजलं नाही ना?"

 आई कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "बुद्धपौर्णिमेला विहारात खीर नेते, तेव्हा आधी काय करते मी?"

"चाखतेस."

"काकूंच्या घरी नैवेद्य चाखत नाहीत, उष्टा होतो म्हणे. देवाला काय, तो तक्रार करत नाही. आपली खीर माणसं खातात. मागच्या साली दूध फाटलं तेव्हा अख्खं पातेलं मोरीत ओतलं मी. दान आहे म्हणून नासकं वाढलं नाही कुणाला." कणकेवर पाण्याचा हात फिरवला तिनं. "वाढलं असतं तर त्यांना वरून धन्यवादही म्हणावं लागलं असतं."

वडील उठून बाहेर व्हरांड्यात गेले. 

मी पेन घेतलं. 'चालू आहेत' वर काट मारली. प्रत्येक पेटीचा नंबर लिहिला आणि त्यापुढे तिचा दोष. जळली. सुटे भाग नाहीत. सुटे भाग नाहीत. सुटे भाग नाहीत. पंखा फिरत नाही. हीटर बंद होत नाही, बाळाला धोका. शेवटी सही केली. त्या हॉस्पिटलात डॉक्टरांना आडनावं होती. आम्हाला, आयांना, झाडूवाल्याला नुसती हाक होती. मी पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट, ज्यावरून आमचं सगळं कळतं त्या आडनावासकट. मग झेरॉक्स काढली आणि एक प्रत थेट कस्टम्सच्या ऑफिसला रजिस्टर्ड पोस्टानं पाठवली.

डॉक्टरसाहेबांनी कागद वाचला. मान खाली ठेवूनच विचारलं, "तू समजतेस कोण स्वतःला?"

"टेक्निशियन," मी म्हणाले. "म्हणून तर सही माझी लागते."

आठवड्यात नोकरी गेली. वडील त्या वर्षी मंडपात गेले नाहीत. कित्येक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. त्यांची चार माणसांची मराठी मी हिरावून घेतली होती, याचं मला अजून वाईट वाटतं. पण कागदाचं वाटत नाही. पेट्यांचं पुढे काय झालं ते मला कुणी कळवलं नाही.

आज मी एका सरकारी हॉस्पिटलात मशीन सांभाळते. दानाची खोकी अजून येतात. परदेशातून येतात, गुडगावच्या कंपन्यांकडूनही येतात, रिबीन बांधून. मी देणाऱ्याला आधी एक कागद पाठवते. व्होल्टेज किती? सुटे भाग कुठे मिळतात? शेवटचं कधी तपासलं, कुणी? आणि खाली, तुमच्या स्वतःच्या मुलाला यात ठेवाल का? या शेवटच्या प्रश्नावर लोक चिडतात. वरून फोन येतात. कृतघ्न म्हणतात मला.

म्हणू देत. उत्तर आल्याशिवाय मी खोकं उघडत नाही, आणि मशीन माझ्यासमोर चालल्याशिवाय कुणाचंही मूल आत जाऊ देत नाही. पाहुणे उभे असतील तर उभे राहतील.