पूजेपुरता सीपीयू

कुठलीही वस्तू एकाच जागी सुखाने राहील यावर ज्याचा काडीइतकाही विश्वास नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका त्यालाच माझ्या थोरल्या बहिणीने नवरा म्हणून पसंत केला. आमचे दाजी राहायला बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. पण खरं सांगायचं तर ते बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर अशा तिन्ही गावांत थोडे थोडे राहत. अंबरनाथला माझ्या घरी त्यांची एक छत्री, एक चपलांचा जोड, एक टूथब्रश, जादा चष्मा आणि बदलापूरच्या घराची एक किल्ली कायम मुक्कामाला असे. असाच संसार उल्हासनगरला त्यांच्या मावशीकडे मांडलेला. लग्नाच्या अल्बमच्या तर त्यांनी इतक्या प्रती काढून वाटल्या होत्या की आमच्या नात्यातल्या कुठल्याही घरी पोह्यांची बशी हातात आली की पाठोपाठ पांढऱ्या शर्टातले, गळ्यात हार घालून घाबरलेले दाजी समोर यायचे. ताई या प्रकाराला इतकी कंटाळली होती की तिने घरातली प्रत माळ्यावर टाकून दिली होती.

बरं, वस्तू ठेवून विसरले तर ते दाजी कसले. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी ते अचानक दारात उभे राहत. ‘जय भीम’ झाला की चहा नाही, पाणी नाही, थेट तपासणी सुरू. छत्री घरातच उघडून बघायची. चपला घालून स्वयंपाकघरापर्यंत एक फेरी. चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरातला सगळ्यात बारीक मजकूर मोठ्याने वाचायचा. मग खिळ्यावरची किल्ली खिशात घालायची आणि बदलापूरला परत जायचं. एकदा गंमत म्हणून मीही त्यांच्याबरोबर गेलो. ताई घरातच होती, दार नुसतं लोटलेलं होतं. दाजींनी ते बाहेरून ओढून लॅच लावून घेतलं, किल्ली आत घातली आणि फिरवली. आतून, बहुधा कांदा चिरता चिरता, ताईचा आवाज आला, “लागली का?”

“लागली!” दाजी असे ओरडले की शेजारच्या दारातून एक बाई डोकावून गेल्या.

जेवण झाल्यावर ती किल्ली परत खिळ्यावर लावण्यासाठी त्यांनी माझ्या हवाली केली आणि मला समजावलं, “प्रत काढली म्हणजे काम झालं असं लोकांना वाटतं, मेव्हणे. ती वेळेला उघडते की नाही हे कोण बघणार?”

आम्ही हसायचो, पण या वेडाला एक मूळ होतं आणि ते हसण्यासारखं नव्हतं. दाजींचं लहानपण अंबरनाथच्या बुवापाड्यात गेलं. घराण्यात मॅट्रिक झालेला पहिला मुलगा म्हणून त्यांच्या आईने मार्कशीट, दाखला, जातीचं प्रमाणपत्र असं सगळं एका पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. पेटीला कुलूप होतं, फक्त पेटीवरच्या छपराला भोक होतं. सरकारी नोकरीचा कॉल आला तेव्हा पेटी उघडली, तर आत कागदांचा लगदा. नव्या प्रतींसाठी दाजी या खिडकीतून त्या खिडकीत फिरत राहिले आणि कागद हातात आले तोवर ती जागा भरली होती. आईला त्यांनी कधी एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्यांनी पेटी या वस्तूशी वैर धरलं, ते कायमचं.

अशा माणसाला पुढे नोकरी कसली मिळावी! अंबरनाथला ते ज्या कारखान्यात आधी कामाला होते तो बंद पडल्यावर दाजी उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका छोट्या ऑफिसात लागले. व्यापाऱ्यांना वेबसाइट करून द्यायची आणि त्यांचं कामकाज दूरच्या, भाड्याच्या कॉम्प्युटरवर ठेवून द्यायचं, हा त्या ऑफिसचा धंदा. क्लाउड होस्टिंग हा शब्द तेव्हा नुकताच गावात आला होता, पण गिऱ्हाइकासमोर तो उच्चारायला दाजींची सक्त मनाई. “ढग म्हटलं की आपला माणूस आधी गच्चीवरचे कपडे काढायला धावतो,” असं ते म्हणत. त्यांनी आपल्या पद्धतीने सगळं बसवलं होतं. जीन्स शिवणाऱ्याला ते कारागिरांच्या भाषेत सांगत: दिवाळीआधी तू जादा माणसं लावतोस, नंतर कमी करतोस, तसाच हा कॉम्प्युटर हवा तेव्हा वाढतो आणि नको तेव्हा आक्रसतो. फर्निचरवाल्याला सांगत: तुझ्या दुकानाला आग लागली तरी गिऱ्हाइकांची नावं जळणार नाहीत. आगीचं नाव दुकानाच्या उंबऱ्यावर काढल्याबद्दल फर्निचरवाल्याने त्यांना चहा न देता परत पाठवलं होतं.

एका सिंधी पापडवाल्या शेठने मात्र त्यांची चांगलीच कोंडी केली. “साईं, सब ठीक है,” तो म्हणाला, “पर वो कॉम्प्युटर रखा किधर है?”

“शेठ, बँक में आपका नोट कौनसे कपाट में है, पूछते हो क्या?”

“नहीं पूछता. पर बँक दिखती तो है!”

दाजी घरी येऊन दोन दिवस ताईला हेच सांगत होते. हा मुद्दा आपल्याला आधी सुचला कसा नाही, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

पण ज्या एका गिऱ्हाइकासाठी त्यांचा जीव खरोखर टांगणीला लागला होता, तो त्यांच्याच गल्लीत होता. मांजर्लीतला त्यांचा जिवलग मित्र, मंडप डेकोरेटर. जुनं आगरी घराणं. शेती गेली, पण दिलदारपणा सातबाऱ्यावर नसतो, त्यामुळे तो शिल्लक होता. माणूस दाजींच्या दुप्पट रुंद आणि आवाज त्याहून मोठा. त्याचं ऑफिस तळमजल्यावर, नदीच्या अंगाला. पावसाळ्यात उल्हास नदी गल्लीच्या तोंडाशी येऊन जायची, हे साऱ्या मांजर्लीला ठाऊक. आणि तुळशीच्या लग्नानंतरची सगळी बुकिंगं, कुणाचं लग्न कुठल्या तारखेला, कुणाला कुठला मंडप, किती पातेली, नवरानवरीची खुर्ची कुठल्या रंगाची, हे सगळं त्या ऑफिसातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरात. दाजींना त्या विचाराने घास गोड लागत नसे.

“पाचशे पाहुणे येणार म्हणून कुणी पाचशे खुर्च्या विकत घेतं का?” दाजी त्याला विचारत.

“घेल तर मी काय खाऊ, दादूस?”

“मग तूच कॉम्प्युटर विकत घेऊन का बसलास? तोही भाड्याने घे. लगीनसराईत मोठा, आषाढात छोटा. हा तर तुझाच धंदा आहे!”

मित्र मान हलवायचा. त्याला सगळं पटायचं. “पन खुर्चीला कोनी हलद-कुंकू वाहत नाय, दादूस. याला वाहतो.”

खरी अडचण ही होती. तो सीपीयू त्याच्या बापाने, जाण्याआधी, स्वतः उल्हासनगरहून रिक्षाने मांडीवर घेऊन आणला होता. दसऱ्याला आणि लक्ष्मीपूजनाला त्याची पूजा व्हायची. हळद-कुंकवाच्या बोटांनी त्याचा मूळचा रंग कधीच झाकून गेला होता. एका दसऱ्याला तर त्याच्यासमोरच नारळ फुटला आणि पाणी आत गेलं. तो अख्खा दिवस दाजींनी ताईचा केस वाळवायचा ड्रायर धरून काढला. आता ही लक्ष्मी घरात न ठेवता कुठल्या परक्या मुलखात ठेवायची म्हणजे काय! “मंग दसऱ्याला मी फूल कनाला वाहू? वायरला?”

दाजी स्वतः यातलं काहीच मानत नसत. बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ होत्या आणि ते त्या पाळतही. दसऱ्याच्या दिवशी सकाळी पांढरे कपडे घालून विहारात जायचं आणि दुपारी मित्राच्या दुकानी. आरती सुरू झाली की दाजी उंबऱ्याबाहेर उभे राहून रस्त्यावरची वाहनं बघत. आरती संपली की आत येऊन बुंदीचा लाडू मात्र दोन वेळा घेत. मित्रानेही त्यांना कधी आत ओढलं नाही. इतक्या वर्षांत दोघांत यावरून एकदाही वाद झाल्याचं मला आठवत नाही.

आणि यातूनच दाजींना तोडगा सुचला. “तुझी लक्ष्मी तुझ्याकडेच राहू दे,” ते म्हणाले. “आतला माल फक्त मी बाहेर नेतो.” एका दुपारी शटर अर्धं ओढून त्यांनी सगळी बुकिंगं दूरच्या कॉम्प्युटरवर चढवली. कामाला एक जुना लॅपटॉप आणून दिला. सीपीयूतली हार्ड डिस्क काढली, झाकण परत लावलं आणि वर शेवंतीची वेणी होती तशी ठेवली. मित्राची एकच अट होती, म्हातारीला, म्हणजे त्याच्या आईला, यातलं काही कळता कामा नये. त्यानंतर दाजी दर आठवड्याला कॅम्प पाचमधून ती बुकिंगं उघडून बघत आणि मित्राला फोन करून सांगत, “उघडली.” मित्र म्हणे, “बरा.” आणि फोन ठेवला जाई.

पुढच्याच पावसाळ्यात नदी गल्लीत आली. मी त्या रविवारी ताईकडे जेवायला गेलो होतो. पाणी बघता बघता तळमजल्यांत शिरलं. मित्राच्या घरचे सगळे समोरच्या इमारतीत वर गेले होते, म्हातारी खिडकीत बसली होती. आम्ही गॅलरीत उभे होतो. खुर्च्या तरंगत निघाल्या होत्या, गाद्या निघाल्या होत्या, तो जुना लॅपटॉपही गेला असणार. तेवढ्यात मित्र जिना उतरून कमरेएवढ्या पाण्यात घुसला आणि ऑफिसात गेला. बाहेर आला तो सीपीयू छातीशी कवटाळून.

“अरे, टाक तो!” दाजी गॅलरीतून ओरडले. “रिकामा आहे! त्यात काही नाही! बुकिंग सगळं सुखरूप आहे!”

“मना ठाव हाय रं!” तो खालून ओरडला. “लक्ष्मी हाय ती!”

साऱ्या गल्लीने ऐकलं. म्हातारीनेही ऐकलं. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं आणि दोन्ही हात त्या डब्याभोवती अडकल्यामुळे त्याला कशाचाच आधार घेता येत नव्हता. एकदा त्याचा पाय सरकला, तो गळ्यापर्यंत आत गेला आणि परत वर आला. डबा काही सुटला नाही.

दाजींनी चष्मा काढून ताईच्या हातात दिला. पोहता येत नसलेला हा माणूस तरंगत आलेला मंडपाचा दोर जिन्याच्या कठड्याला बांधून पाण्यात उतरला. दोराचं दुसरं टोक कमरेला, आणि मधला दोर मी सोडत होतो. तेवढंच माझं शौर्य. मित्रापर्यंत पोचल्यावर ते काय बोलले ते ऐकू आलं नाही. पण दोर धरायला मित्राला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून दाजींनी तो डबा त्याच्याकडून घेतला आणि आपल्या डोक्यावर ठेवला. पुढे डबा घेतलेले दाजी, मागे दोराला लटकलेला मित्र, असे ते जिन्याशी आले. ताईने बघितलं आणि किंचाळली, कारण दाजींचं सगळं तोंड लाल झालं होतं. ते रक्त नव्हतं. वर्षानुवर्षांचं कुंकू पावसात विरघळून त्यांच्या कपाळावरून, गालांवरून ओघळत होतं.

“हसू नका, मेव्हणे,” दाजी धापा टाकत म्हणाले. मी हसत नव्हतो. मी त्यांच्या डोक्यावरचा डबा उतरवून घेत होतो.

पाणी ओसरल्यावर दोघं कॅम्प पाचच्या ऑफिसात गेले. दाजींनी बुकिंगं उघडली. एक नाव इकडचं तिकडे झालं नव्हतं. मित्राने ‘एकवीरा आई!’ म्हणत स्क्रीनला डोकं टेकलं, आणि दाजी म्हणाले, “टेक, पण कुंकू लावू नकोस.” मग तिथेच बसून त्याने एकेका नवरीच्या बापाला फोन लावला की मांडव वेळेवर उभा राहील, निश्चिंत राहा. कॅम्पातल्या आणि अंबरनाथच्या मंडपवाल्यांकडून भांडीकुंडी, खुर्च्या गोळा करून त्याने त्या साली सगळी लग्नं उभी केली. म्हातारीने त्या रिकाम्या डब्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. दसऱ्याला तिने स्वतःच त्याला ताजं कुंकू लावलं आणि दाजींसाठी उंबऱ्याबाहेर एक खुर्ची ठेवायला सांगितली. ती खुर्ची मग दर वर्षी तिथे असायची.

दाजींना जाऊन आता काही वर्षं झाली. कसलाच वेळ न देता गेले. त्यांच्या छत्रीची, चपलांची, चष्म्याची तयारी तिन्ही गावांत होती, आमची मात्र काहीच नव्हती. मांजर्लीत दसऱ्याला डब्याची पूजा होते आणि बाहेर खुर्ची असते. आरती सुरू झाली की मित्र अधूनमधून त्या खुर्चीकडे बघतो. माळ्यावरचा अल्बम ताईने खाली काढला आहे. मला दाजींची फार आठवण येते, विशेषतः रविवारी.

मग मी खिळ्यावरची किल्ली घेतो आणि बदलापूरला जातो. ताई घरात असते, दार नुसतं लोटलेलं असतं. मी ते बाहेरून ओढून घेतो, किल्ली घालतो, फिरवतो. आतून आवाज येतो, “लागली का रे?”

“लागली, ताई.”